माझ्या वाट्याची अर्धी प्रार्थना

बेचाळीस वर्षं मी अर्धीच प्रार्थना म्हणत होतो, हे मला बायको गेल्यावर कळलं.

रोझरीचं, म्हणजे आमच्या जपमाळेचं, असं असतं. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग. एका मण्याला ‘नमो मरिया’ ही एक प्रार्थना. तिचे दोन तुकडे. पुढचा तुकडा माळ चालवणाऱ्याचा, ‘नमो मरिया, कृपापूर्णे’ इथून सुरू होतो. मागचा तुकडा बाकीच्यांचा, ‘हे पवित्र मरिये’ पासून ‘आमच्या मरणाच्या वेळी’ पर्यंत. आमच्या घरी माळ चालवणारी ती. बाकीचे म्हणजे मी आणि मुलगी. मुलगी लग्न होऊन कोपरला गेली, तेव्हापासून मी एकटाच बाकीचे.

रोज संध्याकाळी सातला ती आल्तारासमोर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यासमोर, पाट घेऊन बसायची. मी मागे कॉटवर. बसायच्या आधी कुकर लावून यायची, कारण नुसतं बसून देवाचं करणं तिला वेळ फुकट घालवल्यासारखं वाटायचं. तिसरी शिट्टी झाली की माळ न थांबवता म्हणायची, ‘स्त्रियांमध्ये तू धन्य, अहो गॅस बंद करा, आणि तुझ्या उदरीचे फळ येशू धन्य.’ एकाच दमात, एकाच सुरात. मी ‘हे पवित्र मरिये’ म्हणत म्हणत किचनमध्ये जायचो आणि ‘आमेन’पर्यंत परत यायचो. दोन खोल्यांचं घर, बरोबर तेवढाच रस्ता होता.

यंदा ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल, चौथ्या दिवशी नाही. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहून ती येणार नाही.

आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते. कळव्यात आमच्या भागात जेवढी कॅथलिक घरं, तेवढे दिवस. एका घरी एक रात्र मुक्काम, संध्याकाळी सगळे जमून रोझरी, मग उकडलेले चणे, वर ओलं खोबरं. आमच्या घराची तारीख म्हणजे बायकोचा वाढदिवस. तीस वर्षं ती तारीख कुणी हलवली नव्हती.

सप्टेंबर संपता संपता समूहाची, म्हणजे या कॅथलिक घरांच्या गटाची, बाई वही घेऊन आली. यादी तिच्याकडे असते. शाळेत शिकवायची, रिटायर झाली, पण शिकवायचं थांबलेली नाही.

‘काका, या वर्षी तुम्ही राहू द्या,’ ती म्हणाली. ‘तुमची तारीख मी नव्या टॉवरमधल्या फॅमिलीला देते. तुम्ही तिकडे या, आरामात चणे खा.’

‘माझ्या घरी काय झालं?’

‘पहिल्या दहा मण्यांची माळ घरच्या माणसाने चालवायची असते. तुम्ही चालवणार?’

‘चालवणार.’

‘मी तुम्हाला कधी पुढचं म्हणताना ऐकलेलं नाही.’

‘तुम्ही माझ्या घरात राहत नव्हता.’

तिने चष्म्यावरून बघितलं. माझा राग नाही आला तिला, दया आली, आणि मला तेच जास्त लागलं. म्हणाली, ‘बरं. या वर्षी तारीख तुमची. पण वीस-पंचवीस माणसांसमोर अडकलात, तर पुढच्या वर्षीपासून ती टॉवरला जाईल. मग माझ्याशी भांडायचं नाही.’

‘भांडीन,’ मी म्हणालो.

ती गेल्यावर मी आल्तारासमोर बसलो. तोंड उघडलं. ‘हे पवित्र मरिये,’ तोंड म्हणालं.

परत केलं. परत तेच.

शब्द माहीत नव्हते असं नाही. लाखभर वेळा ऐकले असतील. पण ते कानात होते, जिभेवर नव्हते. मी कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर होतो. एक जण अलीकडून पत्रा ढकलायचा, दुसरा पलीकडून ओढायचा. मी ओढणारा. ढकलणारा रजेवर गेला की साहेब म्हणायचा, तू ढकल. मी ढकलायला उभा राहिलो की हात ओढायलाच जायचे. आता तसंच.

पुस्तक आहे घरात. पण माझी शाळा चौथीत सुटली. मी वाचतो म्हणजे एकेका अक्षराला विचारत विचारत पुढे जातो. तसं वाचलं असतं तर चणे दुसऱ्या दिवशी वाटावे लागले असते.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘पप्पा, कशाला टेन्शन घेता? मोबाइलवर आहे सगळं. मी लावते, तुम्ही मागून म्हणा.’

‘मग मूर्तीलाही मोबाइलवरच बोलव,’ मी म्हणालो आणि ठेवला.

चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या. मालवणकडच्या. त्यांची आमची भिंत एक. बायकोची आणि त्यांची पंचवीस वर्षांची मैत्री, त्यातली पाच वर्षं अबोला. कारण दोघींनाही आठवत नव्हतं.

‘भावजी, चार दिस आयकतंय मी,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचो घोडो थयच अडता.’

‘कुठला घोडा?’

‘नमो मरियाचो.’

मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं त्यातलं. त्यांनी पदर खोचला, आल्तारासमोर उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. ‘नमो मरिया, कृपापूर्णे,’ अगदी तिचाच सूर, तिच्यासारखाच मध्ये श्वास. ‘स्त्रियांमध्ये तू धन्य, अहो गॅस बंद करा, आणि तुझ्या उदरीचे फळ येशू धन्य.’

‘ते त्यात नाही,’ मी म्हणालो.

‘काय नाही?’

‘गॅस.’

‘नाही कसा? माझ्या भिंतीतून तर रोज यायचा.’

त्यांना माहीत होतं. ओठ दाबून उभ्या होत्या. मी हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि आवाज एवढा मोठा आला की मीच दचकलो. मग थोडा वेळ मी हसत नव्हतो. वहिनींनी किचनमध्ये जाऊन विनाकारण चहाची भांडी घासली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी. त्या शेंगदाणे सोलत बसायच्या, मी समोर माळ घेऊन. मागचा तुकडा त्या म्हणणार, पुढचा मी. मी चुकून ‘हे पवित्र’ म्हटलं की त्या एक शेंगदाणा फेकून मारायच्या. बाई नेम धरून मारते. लागलेला शेंगदाणा उचलून मी खायचो. दोन-तीन संध्याकाळी तर मी नुसता शेंगदाण्यांवर जेवलो. एकदा त्यांचे मिस्टर बाहेरून आले, हे बघितलं, आणि काही न विचारता परत खाली गेले.

आदल्या दिवशी दहातले सहा बरोबर येऊ लागले.

‘दहाच्या दहा यायला पाहिजेत,’ मी म्हणालो.

‘सहा म्हणजे पास,’ वहिनी म्हणाल्या. ‘आमच्या घरात सहा कुणाक पडले नाय कधी.’

मग तो दिवस. संध्याकाळी आदल्या घरून मूर्ती रिक्षातून आली. समूहाच्या बाईच्या मांडीवर, झेंडूचा हार, रिक्षावाल्याने गाणं बंद केलेलं. आमची लिफ्ट गणपतीपासून बंद. चौथा मजला. मूर्ती लाकडाची, दिसते छोटी, पण जड. तिसऱ्या मजल्यावरचा भाऊ दर वर्षी बिल्डिंगच्या गणपतीचा पाट उचलतो, तो स्वतःहून पुढे झाला. म्हणाला, वजनाचं मला सांगू नका. त्याने खालून धरली, मी वरून, बाकीचे मागे मेणबत्त्या घेऊन मरियेचं गीत गात.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सगळ्यांचा दम संपला. गाणं थांबलं. भाऊने जोर लावायला छातीत हवा भरली आणि सवयीने, मोठ्यांदा, म्हणाला, ‘गणपती बाप्पा.’

‘मोरया,’ सगळे म्हणाले.

सगळे म्हणजे सगळे. वीस कॅथलिक माणसं. आणि सगळ्यात खणखणीत आवाज समूहाच्या बाईचा.

भाऊने जीभ चावली. मी मरियामातेकडे बघितलं, तिच्या तोंडावर काही फरक नव्हता. आणि वरून, आमच्या दारातून, वहिनी हसल्या. त्या हसल्यावर कुणाला आवरेना. एक म्हातारी पायरीवरच बसली. माझ्या हातात जड लाकूड, पोटात कळ, आणि समूहाची बाई भिंतीकडे तोंड करून उभी, खांदे हलतायत. शेवटचा मजला आम्ही कसा चढलो, ते त्या मूर्तीलाच माहीत.

घर भरलं. चपला तिसऱ्या मजल्यापर्यंत. माणसं धरली त्यापेक्षा जास्त आली म्हणून वहिनींनी चण्यांचा दुसरा कुकर लावला. समूहाच्या बाईने तोंड पुसून सुरुवातीच्या प्रार्थना घेतल्या. मुलगी दारापाशी, मोबाइल हातात तयार. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, खिशात ठेव.

‘आता घरचे,’ बाई म्हणाली.

पाट रिकामा होता. मी त्यावर बसलो नाही. शेजारी खाली बसलो. माळ बायकोचीच, तिच्या बोटांनी मणी झिजलेले. पहिला मणी धरला.

‘हे पवित्र मरिये, देवाच्या माते,’ मी म्हणालो. आणि थांबता येईना. ‘आमच्या मरणाच्या वेळी’ पर्यंत गेलो. आमेनही म्हणालो.

पुढचा तुकडाच आला नाही तर मागचा कुणी कसा म्हणणार. मी परत तोंड उघडलं. ‘हे,’ म्हणालो आणि तोंड मिटलं. किचनच्या दारातून एक चणा आला आणि माझ्या कानावर लागला. वीस माणसांसमोर. समूहाची बाई वहीकडे नव्हती बघत, पण वही तिच्या मांडीवर होती. मला टॉवर दिसायला लागला.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

‘अहो, गॅस बंद करा,’ मी म्हणालो.

मी ठरवून नाही म्हणालो. तोंडच म्हणालं, आणि तिच्याच सुरात. आणि ते म्हटलं की त्याच्या मागून काय येतं ते तोंडाला माहीतच होतं. ‘आणि तुझ्या उदरीचे फळ येशू धन्य.’

‘हे पवित्र मरिये,’ वीस माणसं म्हणाली. त्यांचंही काही चालत नव्हतं. जिन्यात चाललं नव्हतं तसंच.

आणि समूहाची बाई उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, मीही तिला म्हणालो नव्हतो. पण गॅस बंद करा म्हटल्यावर ती ‘देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी’ म्हणत म्हणत किचनमध्ये गेली, वहिनींच्या आधी बटण फिरवलं, आणि आमेनला परत जागेवर. बरोबर माझा रस्ता. बेचाळीस वर्षांचा.

दुसरा मणी मी सुरुवातीपासून म्हटला. तिसराही. पाचव्याला मागच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं, मग त्याला दुसरं कुणी लागलं, पण माळ थांबली नाही, हसत हसतच पुढे चालली. मला तर हलकं हलकं वाटत होतं, उपाशी पोटी जत्रेच्या पाळण्यात बसल्यासारखं. 

‘काका, दहा झाले,’ बाई हळूच म्हणाली.

‘माहीत आहे,’ मी म्हणालो आणि अकरावा म्हटला. तो तिच्या वाढदिवसाचा.

चणे खाताना बाई वही घेऊन शेजारी आली. आमच्या तारखेसमोर पुढच्या वर्षासाठी माझं नाव लिहिलं. आधी तिथे बायकोचं असायचं.

‘जिन्यात जे झालं, ते फादरना सांगायचं नाही,’ ती म्हणाली.

‘आणि इथे झालं ते?’

‘ते मीच सांगणार.’ मग चण्याची वाटी खाली ठेवून म्हणाली, ‘पुढच्या वर्षी कुकर आधी उतरवा.’

‘नाही उतरवणार,’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूर्ती पुढच्या घरी गेली. भाऊने खाली नेली, तोंड घट्ट मिटून. मुलगी कोपरला गेली. सात वाजले. मी पाटाशेजारी बसलो आणि माळ धरली.

आता पुढचा तुकडाही मीच म्हणतो, मागचाही मीच. जमतं. दोन्हींच्या मध्ये थोडं थांबायला होतं, एवढंच. त्या दिवशी ते थांबणं लांबलं. चौथ्या मण्याला ‘स्त्रियांमध्ये तू धन्य’ म्हणालो आणि पुढे जाईचना.

भिंतीतून आवाज आला. ‘भावजी, गॅस बंद केल्यात?’

गॅसवर काही नव्हतंच. दुपारची आमटी होती, तीच खाणार होतो.

‘केला,’ मी ओरडून सांगितलं, आणि ‘तुझ्या उदरीचे फळ’ इथून पुढे धरलं.