जावयाच्या कापडाचं कूळ

भिलाईत पावर हाउसच्या बाजारात माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. चौकडीचं कापड समोर आलं की ते कोणत्या शाळेचं, हे मी गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी सांगतो. त्यात हुशारी काही नाही. रोज तेच तागे उलगडले की डोळ्यांना सवय होते. घरच्यांना मात्र वाटायचं की मला कापड वाचता येतं. म्हणून धाकट्या बहिणीच्या लग्नात कापड वाचायचं काम माझ्याकडे आलं.

बहीण शिकायला स्कॉटलंडला गेली आणि तिथेच एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं म्हणाली. आईने दोन-चार दिवसांत मान्य केलं. बाबा इथल्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे, शेतकरी घरातले. त्यांनी रागही केला नाही आणि होही म्हटलं नाही. महिनाभर ते तिच्याशी फोनवर फक्त हवापाण्याबद्दल बोलले. मग एका रविवारी स्वतःच म्हणाले, "लग्न इथं भिलाईले करायचं. आपल्या रीतीनं." एवढं झाल्यावर त्यांची एकच अडचण उरली. मुलाचं कूळ काय?

"बाबा, तिकडे तसं नसते," मी म्हणालो.

"कसं नसते? माणूस काय आभायातून पडते?"

त्या संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. लग्नात मुलाला त्याच्या आजोबांचा किल्ट, म्हणजे तिकडचे पुरुष कमरेला गुंडाळतात तो गुडघ्यापर्यंतचा चुणीदार कपडा, घालायचा होता, चालेल का, असं ती विचारत होती. बाबांना वाटलं ती घागऱ्याबद्दल बोलते आहे.

"घागरा नाही बाबा, किल्ट. तिकडे हर खानदान का अपना कपड़ा होता है. चौकडीचा. ज्याचा त्याचा वेगळा."

बाबा खाटेवर सरळ होऊन बसले. "म्हणजे कापडावरून कूळ समजते?"

"हो, तसंच."

"मग फोटो पाठव. हा पाहीन," बाबा माझ्याकडे हात करून म्हणाले.

फोटो आले. मी दुपारी दुकान थंड असताना बसून ते पाहू लागलो. या कापडाला टार्टन म्हणतात. उभ्या धाग्यांत रंगांचा जो क्रम असतो तोच आडव्या धाग्यांत. त्यामुळे कुठल्याही कोपऱ्यातून पाहिलं तरी चौकट तीच दिसते. ओळखायचं ते रंगांवरून नाही, पट्ट्यांच्या रुंदीवरून आणि बारीक रेघांवरून. मॅक्लाउड कुळाचं एक कापड पिवळंजर्द आणि काळं, ते आंधळाही ओळखेल. स्ट्यूअर्टांचं लाल तर आमच्या बाजारात मफलर म्हणून दर थंडीत येतं. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ते कुणाचं आहे याचा पत्ता नसतो. पण गडद निळ्या-हिरव्या-काळ्या कापडांची एक मोठी भावकी आहे आणि तिथे माणूस चुकतो. एकात पांढरी रेघ, एकात पिवळी, एकात निळा जरा फिका, की कूळ बदललं.

मुलाच्या आडनावाच्या कुळाचं कापड या भावकीतलंच होतं. त्यात हिरव्या पट्ट्याच्या मधून एक पिवळी रेघ जाते. फोटोतल्या किल्टमध्ये ती रेघ नव्हती. मी फोटो मोठा केला, उजेड वाढवला, दुसरे फोटो मागवले. रेघ नव्हतीच. ते कापड तिकडच्या एका जुन्या पलटणीचं होतं. त्याला कूळ नाही. कुणीही घालावं असं ते कापड.

वाचता वाचता हेही कळलं की ही कुळं आणि कापडं यांची सांगड वाटते तितकी जुनी नाही. बरीचशी नावं कापड विणणाऱ्या-विकणाऱ्यांनी मागाहून चिकटवलेली आहेत. दुकानदार म्हणून मला याचं नवल वाटलं नाही.

मी बहिणीला फोन केला. पिवळ्या रेघेचं सांगितलं.

"दादा, त्याले नको सांगू. वडील लहानपणीच गेले त्याचे. आजोबानंच वाढवलं. आपल्या खानदानचा आहे म्हणूनच तो घालून राहिला."

"आणि बाबांले काय सांगू?"

"सांग, पाहून राहिलो म्हणून."

मी तसंच सांगितलं. बाबा रोज विचारत आणि मी रोज पाहूनच राहिलो होतो.

बहीण आधीच घरी आली होती; लग्नाच्या आठवड्यात मुलगा आणि त्याची आई आले. सिविक सेंटरजवळच्या एका हॉटेलात त्यांची सोय केली होती; दुसऱ्या दिवशी ते उतईच्या रस्त्यावरच्या आमच्या घरी जेवायला आले. मुलगा उंच, लाजरा, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा. त्याची आई सत्तरीच्या आसपासची, ठसठशीत आवाजाची बाई. तिने किल्ट सोबत आणला होता, पिशवीत गुंडाळून. जेवणं झाल्यावर तो खाटेवर पसरला गेला. आमच्या आईने चुण्या मोजायला सुरुवात केली आणि मग सोडून दिली.

बाबा मला म्हणाले, "आता तं हातात आलं ना? बोल."

मी किल्ट अंगणात उन्हात नेला. उभी बाजू पाहिली, आडवी पाहिली. उगाचच जास्त वेळ लावला. परत आलो तर सगळे माझ्याकडेच पाहत होते. बहीण मान हलवून नको म्हणत होती.

"बोल ना बाप्पा," बाबा म्हणाले. "कावून चूप बसला?"

खोटं नाव सांगता आलं असतं. डझनभर नावं तोंडावर होती. पण बाबांनी ते लग्न लावणाऱ्या गुरुजींना सांगितलं असतं आणि गुरुजींनी ते अग्नीसमोर उच्चारलं असतं. मी म्हणालो, "बाबा, हे यांच्या कुळाचं नाही. कोणत्याच कुळाचं नाही. फौजेचं कापड आहे."

मुलाने बहिणीला विचारलं, काय म्हणाले? तिने जमिनीकडे पाहत इंग्रजीत सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. आजोबा तर कधी फौजेत नव्हते, गोदीत जहाजांचे पत्रे रिबिटा ठोकून जोडायचे, असं तो हळूच म्हणाला.

आणि त्याची आई हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग मोकळेपणाने. बहीण तिचं बोलणं तुकड्यातुकड्याने आम्हाला सांगत गेली. मुलाच्या आजीने आपल्या या सुनेला ही गोष्ट सांगितली होती, मुलाच्या वडिलांना कळू न देण्याच्या अटीवर. तिच्या सासऱ्यांकडे, म्हणजे मुलाच्या आजोबांकडे, स्वतःच्या लग्नात अंगावर घालायला धड काही नव्हतं. गावातल्या दुकानातून किल्ट भाड्याने आणला. अंगाला बसला तो तेवढा एकच होता; कोणत्या कुळाचा, हे कुणी विचारलंही नाही. लग्नानंतर परत करायला गेले तर दुकान बंद झालेलं, मालक गाव सोडून गेलेला. मग तो घरातच राहिला. पुढे मुलं झाली, त्यांनी विचारलं, तेव्हा सासरे म्हणाले, आपल्या घराण्याचा आहे. त्यांचं म्हणणं कुणी खोडलं नाही.

मुलाने किल्टचा कमरपट्टा उलटून पाहिला. आत जिथे दुकानाची चिठ्ठी शिवलेली असावी तिथे तुटक्या टाक्यांची चौकट तेवढी होती. तो तिच्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग तोही हसला, आईइतका नाही.

बाबांना सगळं समजावून सांगेपर्यंत चहा आला. त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी बिनसणार.

"माह्या लग्नातला कोट कोणाचा होता?" त्यांनी आईला विचारलं.

"तुमच्या फोरमनचा," आई म्हणाली. "बाह्या हातभर लांब होत्या. फोटोत दुमडल्या तुमी."

तो फोटो आमच्या बैठकीत टांगलेला आहे. कोटाची ही गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती.

"सांग त्याले," बाबा बहिणीला म्हणाले. तिने सांगितलं. मुलगा उठून फोटोजवळ गेला आणि बाह्या शोधू लागला.

कुळाचा प्रश्न गुरुजींनी सोडवला. दुसऱ्या दिवशी ते तयारीचं पाहायला आले, तेव्हा बाबांनी चाचरतच विचारलं. गुरुजींनी चष्मा पुसला. "ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. नेहमीचंच आहे. तीन पिढ्यांची नावं तेवढी सांगा." मुलाच्या आईने नावं सांगितली. गुरुजींनी ती देवनागरीत लिहून घेतली आणि दोनदा मोठ्याने म्हणून पाहिली.

किल्ट घालून पाटावर मांडी घालता येणार नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ते लक्षात आलं लग्नाच्या सकाळी, मंगल भवनातल्या खोलीत, तेव्हा धावपळ झाली. शेवटी बाबांनी स्वतःचं नवं धोतर काढलं आणि दार लावून घेऊन मुलाला नेसवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आतून फक्त बाबांचा आवाज येत होता, "हात वर. वर. आता फिर." विधी त्या धोतरात झाले. गोदीत काम केलेल्या आजोबांचं नाव गुरुजींनी काश्यप गोत्रासह उच्चारलं, तेव्हा मुलाच्या आईने ते ओळखलं आणि मान वर केली.

संध्याकाळी स्वागत समारंभाला तो किल्टमध्ये उभा राहिला. फोटोसाठी रांग लागली. बायका लांबून पाहत होत्या, मुली जवळ येऊन. बाबांबरोबर मिलमध्ये काम केलेला त्यांचा एक जुना मित्र भेटायला आला. त्याने किल्ट वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि विचारलं, "हा पेहराव कोणाचा असते तिकडे? मोठ्या लोकाईचा?"

"फौजेचं कापड आहे," बाबा म्हणाले. "ज्याले पायजे त्यानं घालावं."

मग त्यांनी मित्राचा हात धरला आणि त्याला जेवणाच्या रांगेत नेऊन उभं केलं.