एकविसाव्या पानावरचा गोल

भांडुपच्या ज्या वाचनालयात मी काउंटरवर बसते, तिथून एक काकू स्वतःसाठी राजा-राणीच्या प्रेमकादंबऱ्या न्यायच्या आणि काकांसाठी रहस्यकथा. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून काका एकविसाव्या पानावर पेन्सिलीने गोल काढायचे.

काका अचानक गेल्यावर महिनाभर काकूंनी फक्त रहस्यकथाच नेल्या. त्याही एकविसावं पान उघडून, गोल दिसला तरच.

"तुम्हाला तर खून-बिन आवडत नाहीत ना?" मी विचारलं.

"नाहीच गं. पण या गोष्टींत माणूस कसा गेला, ते शेवटी कळतं तरी."

गोलवाली पुस्तकं संपली, तेव्हा मीच एका नव्या कादंबरीत पेन्सिलीने गोल काढून ठेवला. काकूंनी पान उघडलं, बराच वेळ पाहिलं.

"ह्यांचा इतका नीट कधी यायचा नाही," म्हणाल्या, आणि पुस्तक पिशवीत टाकलं.