सुषमाला मोठीच चीर हवी आहे

मैत्रिणींनो, माझं डोकं आज चालेनासं झालंय.

माझ्या भाचीच्या, सुषमाच्या, गर्भाशयात गाठी आहेत. डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीने काढता येतील, पोट उघडूनही येतील. दुर्बिणीने त्रास कमी होईल. पण जखम आतही असते, विश्रांती हवीच."

मी लगेच म्हटलं, "मग दुर्बिणीनेच करा."

परतताना दिघीच्या फेरीबोटीत सुषमा हळूच म्हणाली, "मावशी, मला पोट उघडूनच करायचंय."

"वेड लागलंय का गं?"

"जाऊबाईंचं दुर्बिणीने झालं, तर सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा भोकांना ऑपरेशन म्हणतात होय? आठवड्याच्या आत जाऊबाई विहिरीचं पाणी शेंदत होत्या. शेजारच्या काकूंचं पोट उघडलं, त्यांना कुणी तांब्यासुद्धा उचलू दिला नाही."

शाळेत असताना कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरही माझ्या जिभेला वचकून असत. पण त्या सासूला जाऊन झापावं, तर नांदायचं हिला आहे. गप्प बसावं, तर ही पोर चार दिवस निजायला मिळावं म्हणून पोट फाडून घेणार!

परवा डॉक्टरांना कळवायचंय. तिला काय सांगू?