तोदाभाईंचा शेवटचा भाग

मी बडोदे सोडलं त्या दुपारी बाबांनी माझ्या बॅगा चार वेळा तोलल्या. हुकाला अडकवून उचलायचा काटा त्यांनी नंदेसरीच्या कारखान्यातल्या एका मित्राकडून मागून आणला होता. काटा तेवीस किलोच्या वर गेला की ते लीलो चेवड्याचं एक पुडकं बाहेर काढायचे, आणि त्यांची पाठ वळली की आई ते परत आत कोंबायची. खाली अहमदाबादच्या विमानतळावर नेणारी गाडी उभी होती. पाणीगेटच्या आमच्या गल्लीत एक गाडी थांबली की मागे रिक्षांची रांग लागते, तशी लागली होती आणि सगळे हॉर्न वाजवत होते. शेजारच्या हंसाबेननी माझ्या हातावर दही ठेवलं. आई रडत होती. बाबा ड्रायव्हरला टायरमधली हवा कधी तपासली ते विचारत होते.

मी आत बसल्यावर ते खिडकीशी वाकले. वाटलं, आता काहीतरी बोलतील, जे मला जन्मभर पुरेल. ते म्हणाले, "केतू, तिसरा सीझन आला तर एकटी बघायचा नाही हं. सोबत बघू." मग गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या. "चल बेटा, आवजो."

हा सीझन कशाचा, ते सांगायला हवं. मी अकरावीत असताना मला एक जपानी मालिका सापडली होती, चित्रांची, मोठाल्या यंत्रमानवांची. जग बुडून गेल्यानंतरची गोष्ट. समुद्र एकदा वर आलेला आणि मागे हटताना सगळीकडे गाळ सोडून गेलेला. त्या गाळात पाय टाकला की कातडी जळायची. उरलीसुरली माणसं टेकड्यांवर राहायची, आणि एका टेकडीवरून दुसरीवर जायचं तर पाच मजली उंचीच्या, माणसासारख्या चालणाऱ्या यंत्रांत बसूनच जावं लागायचं. यंत्रं जुनी होती. नवं बनवणारं जगात कोणी उरलं नव्हतं. जे आहे ते दुरुस्त करत राहायचं, एवढंच.

त्यामुळे दर भागात अर्धा वेळ दुरुस्तीच चालायची. ज्यांना मारामारी हवी होती त्यांनी मालिका दुसऱ्या भागातच सोडून दिली असणार. माझ्या बाबांनी मात्र तिथेच धरली. पहिल्या पाळीवरून आल्यावर चहाचा कप घेऊन ते माझ्या मागे उभे राहिले, पाच मिनिटांनी खुर्ची ओढून बसले. एकतीस वर्षं फिटर म्हणून राबलेला माणूस. म्हणाले, "रोज चालणारं यंत्र रोज कुठेतरी बिघडतं, हे कोणीतरी दाखवतंय बघ."

सायो नावाची सोळा वर्षांची चिडकी मुलगी तिची नायिका. तिचा डावा हात थरथरायचा, आणि तिचं यंत्रही डावीकडे लंगडायचं. तिला शिकवणारा म्हातारा मेकॅनिक म्हणजे तोदा. फार बोलायचा नाही. यंत्राच्या पोटाला कान लावून उभा राहायचा. बाबा त्याला पहिल्या दिवसापासून तोदाभाई म्हणायला लागले. "तोदाभाईनं आज गास्केट चुकीचं लावलं," असं ते जेवताना आईला सांगायचे, जणू हा माणूस त्यांच्याच बसमधून नंदेसरीला जातो. आई म्हणायची, "भाजी वाढू का?"

त्या मालिकेत खलनायक असा नव्हताच. बऱ्याच वर्षांनी आलेल्या दुसऱ्या सीझनमध्ये सायो शत्रूचं यंत्र पाडते आणि त्याचं दार उघडते, तर आत एक आजीबाई, मांडीवर औषधांची पेटी. ती लढायला आलेलीच नव्हती, औषध मागायला आली होती. तो भाग संपल्यावर बाबा उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ कपड्यांचे चिमटे काढत बसले. वाळत घातलेले कपडे ओलेच होते.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी टेकडीवरचे सगळे उत्तरेकडे निघतात. तिकडे गोडं पाणी आहे म्हणतात. तोदा मागे राहतो, कारण गाळात यंत्रांना दिशा कळते ती त्याच्या मनोऱ्यावरून जाणाऱ्या संदेशामुळे. तो रोज रेडिओवर वारा कुठला, गाळ किती खोल, ते सांगत राहणार. यावरून बाबांचं आणि माझं खरंखुरं भांडण झालं.

"तो हट्टी आहे," मी म्हटलं. "त्याला जायचंच नव्हतं, म्हणून कारण शोधलं त्यानं."

"सगळेच गेले तर वाट कोण सांगणार?"

"बाबा, सगळे पोचल्यावर कोणाला वाट सांगणार आहे तो?"

त्यांनी पानातला भात तसाच ठेवला. "तुला नाही कळणार आता," म्हणाले आणि हात धुवायला उठले. तोवर मी जपानमधल्या नोकरीसाठी अर्ज केला होता. त्यांना सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं असणार.

नागोयाजवळच्या एका छोट्या गावात आता मला सहा वर्षं झाली. पॅकिंगची यंत्रं बनवणारी कंपनी आहे, मी ती ग्राहकाच्या कारखान्यात उभी करून चालू करून देते. पहिल्या वर्षी माझी जपानी भाषा त्या मालिकेतून आलेली होती. 'माघार घ्या' येत होतं, 'झडप बंद करा' येत होतं, पण नगरपालिकेत बाईंनी पत्ता विचारला तेव्हा पत्त्याला काय म्हणतात ते येईना. बाबांना ते सांगितलं तर खोकला लागेपर्यंत हसले. तुमच्यापैकी जे असे निघून आलात, त्यांना माहीत असेल, पहिल्या वर्षीच्या फजित्या घरी सांगायला किती गोड असतात. दुसऱ्या वर्षापासून आपण त्या सांगत नाही, कारण मग त्या फजित्या राहिलेल्या नसतात, तेच आपलं आयुष्य झालेलं असतं.

रविवारी त्यांचे साडेदहा म्हणजे माझे दोन. मी व्हिडिओ कॉल लावायचे, दोघं एकदम बटण दाबायचो आणि जुने दोन सीझन पुन्हा बघायचो. त्यांचं इंटरनेट अडकलं की ते "थोभ, थोभ!" ओरडायचे. मागून आई जाताना म्हणायची, "अजून ती डबडी चालतायत का?" इकडे कचरा कुठल्या दिवशी कुठल्या पिशवीत टाकायचा ते मी शिकले, रांगेत गप्प उभं राहायला शिकले, ऑफिसात 'माफ करा'नं वाक्य सुरू करायला शिकले. तिकडे आमच्या गल्लीत कोणाचं लग्न झालं, कोणी करजणला राहायला गेलं, ते मला महिन्यानं कळायचं.

पाचव्या वर्षाच्या हिवाळ्यात तिसरा सीझन आला. त्याच महिन्यात बाबांच्या फुप्फुसांच्या आजाराचं निदान झालं. फुप्फुसं आखडत चालली होती. त्यांच्या वडिलांनाही हेच होतं, पिढीजात असावं, डॉक्टर म्हणाले. आता बोलताना त्यांना मधे थांबावं लागायचं. रविवारचे फोन तासावरून वीस मिनिटांवर आले. पलंगाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची जाळी ते स्वतः काढून धुवायचे आणि मला फोनवर आवाज ऐकवायचे. "ऐक. याचं बेअरिंग जाणार लवकर."

मी म्हटलं, "बाबा, सीझन इकडे अजून लागला नाही." लागला होता. पण बारा भाग त्यांना बसून बघवतील असं मला वाटेना, आणि ते तसं बोलून दाखवायचीही माझी तयारी नव्हती.

मग एका शनिवारी, बाहेर बर्फ पडत असताना, मी तो सबंध सीझन एकटीनं बघून टाकला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भूक लागल्यासारखं बघितलं.

शेवट असा आहे. सायो उत्तरेला पोचते. पाणी खरंच असतं. ती तिथे राहते, शेत करते. तिच्या यंत्राचा रेडिओ अर्धा मोडलेला, ऐकू येतं पण उत्तर देता येत नाही. रोज सकाळी तोदाचा आवाज येतो. वारा कुठला, गाळ किती खोल. वर्षं जातात. आवाज बारीक होतो. एका सकाळी येत नाही. सायो रेडिओपुढे बसून राहते. मग उठते, टोपी घालते आणि शेतावर जाते. संपलं. ती परत जात नाही, जायचा विचारही बोलून दाखवत नाही. इंटरनेटवर लोकांनी या शेवटाला शिव्या घातल्या. मी पडदा काळा झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन कुकर घासत उभी राहिले.

एप्रिलमध्ये बाबांना दवाखान्यात ठेवलं. एका रविवारी दुपारी आईनं फोन त्यांच्या तोंडापाशी धरला.

"केतू. तू बघितलंस ना?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण हो म्हणाले.

"मग सांग. तोदाभाईचं काय होतं?"

यंत्राचा आवाज येत होता. मी म्हटलं, "सायो परत येते, बाबा. तिचं यंत्र वाटेत मोडतं, पण ती येते. तोदाभाई मनोऱ्यावरच असतात. तिला ओळखतच नाहीत आधी. मग तिचा डावा हात बघतात."

"मग?"

"मग रागावतात. इतका उशीर का केलास म्हणून."

ते थोडा वेळ श्वास घेत राहिले. "सरस," म्हणाले. "असंच पाहिजे."

तेव्हाच तिकीट काढायला हवं होतं मी. काढलंही, पण त्या पुढच्या रविवारचं. आठवडाभरात एका कारखान्यात आमचं यंत्र सुरू व्हायचं होतं आणि ते माझ्या नावावर होतं. बाबाच म्हणाले होते, काम अर्धं टाकून येऊ नकोस. साहेबांनी मला दोनदा विचारलं, जायचंय का. मी 'माफ करा' म्हणून सुरुवात केली आणि नाही म्हणाले. ते दोनदा विचारणं मला फार आठवतं. गुरुवारी सकाळी, मी पट्ट्याचा वेग जुळवत असताना, बाबा गेले.

मी पोचले तोवर चुलतभावानं अग्नी दिलेला होता. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आम्ही चांदोदला गेलो. नर्मदेवर ऊन होतं, नावाडी गुजरातीत भाव ठरवत होता, आणि त्याला उत्तर द्यायला मला नेमका गुजराती शब्द आठवेना. तोंडात जपानी येत होतं. नाव पाण्यात गेली तेव्हा भावानं माझ्या हातावर हात ठेवला. मडकं मीच सोडलं.

बाराव्या दिवशी आई त्यांचे स्वेटर घड्या करत होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. मी एकटीनं बघितलं, सीझन आला नाही असं सांगितलं, आणि शेवटी शेवटच बदलून टाकला. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे.

आई म्हणाली, "अगं, त्यांनी तर केव्हाच बघितलं होतं. होळीच्या आधी. त्यांच्या बसमधल्या त्या पटेलांच्या मुलीनं लावून दिलं."

"शेवटचा भागसुद्धा?"

"दोनदा. मला शेजारी बसवून. इंग्रजीत खाली येतं ते भराभर जायचं, तर मला थांबवायला लावायचे." तिनं स्वेटरची बाही सरळ केली. "तुला सांगू नकोस म्हणाले. तिला सोबत बघायचंय, म्हणाले. वाईट वाटेल."

म्हणजे मी खोटं सांगत होते तेव्हा त्यांना सायो शेतावर गेलेली माहीत होती. टोपी घातलेली माहीत होती. तरी त्यांनी विचारलं, आणि 'मग?' म्हणाले, आणि सरस म्हणाले. त्यांना माझ्याकडून काय ऐकायचं होतं, हे मी या वर्षभरात रोज विचारलंय. कधी वाटतं, मी येणार का, एवढंच विचारत होते. मी हो म्हटलं आणि आले नाही. कधी वाटतं, मुलगी कशी गोष्ट सांगते ते ऐकायचं होतं, दुसरं काही नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "त्यांना तुझा आवाज ऐकायचा होता, केतू. तू काहीही बोलली असतीस." यातलं कुठलंही उत्तर मला झोपू देत नाही.

आईला मी इकडे बोलावलं. ती नाही म्हणाली, रागानं नाही, साधंच. हंसाबेन आहेत, सकाळची भजनं आहेत, दूधवाला तिच्या आवाजानं ओळखतो. मी परत यावं असंही ती म्हणाली नाही. तुम्ही जे तिथे राहिलात, तुम्ही मला विचारता, आता परत कधी? मी नेहमी पुढच्या वर्षीचं सांगते. खरं म्हणजे इथे मी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केलाय.

या मे महिन्यात दोन आठवडे गेले होते. आईनं माझ्यासाठी नवा टॉवेल काढून ठेवला होता, घडी न मोडलेला, पाहुण्यांना देतात तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी तिच्या शेजारी उभी होते. आधण उकळलं होतं. तिनं डबा उघडला, चमचा हातात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"साखर किती घालू गं तुला?"

तिचं तिलाच कळलं. चमचा तसाच धरून ती उभी राहिली. अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत माझा प्रत्येक चहा तिनं केला होता.

"तू घालतेस तेवढीच," मी म्हटलं.

तिनं एक चमचा घातला, थोडं थांबून अजून अर्धा घातला. इकडे मी बिनसाखरेचा पिते. तो गोड चहा मी सगळा प्यायले, आणि दुसरा मागितला.