डावीकडून हाक

आमच्या यांना लकव्याचा झटका आला तेव्हा मेथीची काढणी चालू होती. जीव वाचला. डावा हात अधू राहिला, पण पाय फरफटत का होईना चालू लागला. सगळे म्हणाले, थोडक्यात सुटलात.

पाचव्या दिवशी मी दवाखान्यात डबा नेला. ताटलीत उजवीकडे भाजी, डावीकडे ठेचा, मध्ये भाकरी. यांनी भाकरीची उजवी बाजू खाल्ली, भाजी संपवली आणि म्हणाले, "आज ठेचा केला नाय?"

मला वाटलं चेष्टा करतात. मी ताटली फिरवली.

"आता कुठून आणलास?" म्हणून परत जेवायला लागले.

डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की डोळे चांगले आहेत. मार मेंदूच्या उजव्या बाजूला बसलाय, त्यामुळे डावीकडे काही असतं, तिकडे बघायचं असतं, हेच ते विसरलेत. तुम्ही कायम डावीकडे बसा. तिकडून नावानं हाक मारा. ते वळेपर्यंत समोर जाऊ नका. आणि वळायला शिकेपर्यंत रस्त्यावर एकटं सोडू नका.

मी डावीकडे बसून "अहो" म्हटलं. उजवीकडच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "काय गं?" त्यांची बायकोही अहोच म्हणायची. हे त्या आजोबांकडेच बघत राहिले.

"अहो नाही, नाव घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी पदर तोंडाला लावला. नाव मी एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. नर्स म्हणाली, "मावशी, उखाण्यात घ्या, पण घ्या!" सगळा वॉर्ड हसला. माझ्याच्यानं झालं नाही.

घरी आल्यावर हे खुरपं घेऊन बसायला लागले. पहिल्याच दिवशी कोथिंबिरीचा वाफा खुरपला आणि "झाला" म्हणून उठले. उजवी बाजू झाडल्यासारखी स्वच्छ, डावीकडे गवत तसंच. नणंद माहेरपणाला आली होती. ती म्हणाली, "दादा, अर्धा वाफा काय वहिनीच्या माहेरच्यांना ठेवला का?"

"कुठला अर्धा?" हे चिडले. खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापुरता वाफा तेवढाच होता.

शेत रस्त्याच्या एका बाजूला, घर दुसऱ्या. इंदिरानगरकडे इमारती उठल्या तशी वाहनं वाढली होती. मी रोज यांच्या डाव्या अंगाला चालून रस्ता ओलांडून द्यायची. यांना ते फार लागायचं. "बायकोच्या पदराला धरून फिरायची पाळी आली," म्हणायचे. डावीकडून अहो, अहो करून मी थकले. दहादा म्हटलं की एकदा वळायचे, तेही चुकून.

एकदा मी मेथीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येत होते. हे मला न सांगता पुढे निघाले होते. उजवीकडे नीट बघितलं आणि रस्त्यावर उतरले. पलीकडच्या बाजूनं, डावीकडून, टेम्पो येत होता. मी "अहो!" ओरडले. पुन्हा ओरडले. हे चालतच राहिले, रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले.

मग मी नाव घेतलं. मागेपुढे काही न लावता, शेळीला हाकारावं तसं. भारा खाली पडला.

हे जागच्या जागी थांबले. टेम्पोवाला शिवी देऊन समोरून गेला. मी पळत जाऊन दंडाला धरून यांना कडेला आणलं. शेजारच्या मळ्यातल्या दोन बायका उभ्या राहून बघत होत्या.

"नाव घेतलंस माझं?" हे म्हणाले. "चारचौघांत?"

"घेतलं."

मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. हे उजवीकडेच बघत होते.

"परत घे बरं," म्हणाले. "कुठल्या बाजूनं आलं ते कळलं नाय."

मी त्यांच्या डावीकडे जाऊन उभी राहिले. त्या दोघी अजून बघतच होत्या. मी नाव घेतलं. यांची मान हळूहळू वळत आली, मध्ये थांबली. मी आणखी एकदा घेतलं, आणि ती माझ्यापर्यंत आली.