चार चमचे

मी चार सांगितले की एक धरायचा, हे वरवट बकालमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या वावरातल्या भोपळ्यात शेजाऱ्याची म्हैस शिरली आणि आतच व्याली, हे मी भर बाजारात सांगितलंय आणि त्यावर फुकट चहाही प्यालोय. गाव वजावट करून ऐकतं. मोठा भाऊ तेवढा करत नसे. माझं बोलणं तो अख्खं घ्यायचा.

त्याला बीपीची गोळी चालू होती. मी जडीबुटीवाल्याकडून सर्पगंधाच्या मुळीचं चूर्ण आणलं आणि त्याच्या ओट्यावर बसून पुडा त्याच्या हाती देत ठोकून दिलं, "दादा, मी रोज चार चमचे खातो. बीपी असं पळते, का डॉक्टरच्या मशीनले सापडत नाही!"

खरं म्हणजे मी एकदाच चिमूटभर जिभेवर ठेवलं होतं. कडूजहर लागलं, थुंकलं.

आठवडाभराने सकाळी भाऊ खाटेवरून उठला आणि तिथेच कोसळला.

दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, आकडा पाहिला, पुन्हा आवळला. "बीपी फार खाली गेलंय. नाडीही मंद आहे. दुसरी कुठली गोळी घेतात का?"

"नाही जी," वहिनी म्हणाली. खोटं बोलली नाही ती. आमच्याकडे गोळी म्हणजे गोळी. चूर्ण हे ओव्यासारखं, खाण्यात धरतात.

मीही मान हलवली. भाऊ पांढराफटक दिसत होता, सलाइन दिसत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. कुणा परक्याला भेटायला आल्यासारखा मी उभा होतो. मग माझंच तोंड बोललं, "साहेब, चूर्ण खाते तो. सर्पगंधा. गोळीसंगं. रोज चार चमचे."

"कोनं सांगतलं त्याईले?" वहिनी म्हणाली.

"म्या."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "अहो, ती मुळीही बीपीच उतरवते. नक्की चार? मला खरं माप पाहिजे."

"साहेब, आमचे भाऊजी एकाचे चार करतेत," वहिनी घाईघाईने म्हणाली. "तुमी एकच धरा."

"नाही वहिनी. आज चारच धरा."

डॉक्टरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि चार लिहून घेतले.

तिसऱ्या दिवशी भाऊ उशीला टेकून बसला. मी डबा उघडत होतो.

"मले झालं ते तुले काऊन नाही झालं बे?"

एरवी मी याच्यावर तासभर बोललो असतो.

"म्या खाल्लंच नव्हतं, दादा."

भाकरीसाठी पुढे केलेला हात त्याने मागे घेतला.

"मंग म्हैस?"

"म्हैसबी नाही."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी भाकर तशीच हातात धरून बसलो.

आता भाऊ ओवासुद्धा डॉक्टरांना दाखवून खातो. आणि मी चार सांगितले की तोही एकच धरतो.