वनिताचा भुंगेरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर खात्री आहे की माझ्या पोटात काही राहत नाही.

वाशिमला एमएस्सीला होतो, मी आणि मेडशीची वनिता. तिनं तुरीच्या शेतातून काडेपेटीत एक भुंगेरा आणला. एकच. ठिपके वेगळे होते. नवी जात असावी, असं सरांनाही वाटलं. पण जात पाठीवरून ठरत नाही. पोट कापून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात हळू तापवायचं. मांस विरघळतं, नराचं कडक इंद्रिय तेवढं उरतं. त्याच्या आकारावरून जात ओळखायची. वनिताला तेव्हा स्थळ आलं होतं. किडा नवा निघाला तर पुढे शिक, नाहीतर लग्न — वडिलांनी तिला सांगून टाकलं होतं.

"तूच उघड व. माहा हात कापते," ती म्हणाली. माझा हात सफाईचा, असा वर्गात डंका होता. तो मीच पिटला होता म्हणा.

पोट तापत ठेवलं आणि मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले. कशासाठी? बहिणीच्या साडीचा रंग ठरवायला. परतले तर पाणी आटलेलं, तळाला जळका काळा ठिपका.

सांगता आलं असतं, नाही का? ती रडली असती, बोलली असती. पण मग माझा सफाईचा हात —? कपाटात नेहमीचे, साधे भुंगेरे होते. त्यातल्या एकाचं पोट उघडलं, आणि त्याचं इंद्रिय वनिताच्या किड्याचं म्हणून, त्याच्या टाचणीला अडकवायच्या बारीक नळीत घातलं.

तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही.

"साधाच हाये," ती म्हणाली. "माहीच नजर चुकली व."

चुकली होती का? आता कुणालाच कळणार नाही. ज्यातून कळलं असतं, ते मी जाळलं.

उन्हाळ्यात तिला रिठदला दिली. वरातीत मी नाचलेसुद्धा. आज ते आठवलं की जीव नकोसा होतो.

खाई त्याला खवखवे — तिच्या घरी जायचं मी टाळत आले. मागच्या वर्षी जावंच लागलं. अंगणात तिच्या मुलीनं तळहातावर एक भुंगेरा आणला. तेच ठिपके.

"सोड त्याले," वनिता हसत म्हणाली. "साधाच हाये थो. ईचार मावशीले."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणाले, "हो. साधाच."